भिकाजीपंत पुसणीस

ठाण्यात त्या काळी फडणीस होते, चिटणीस होते, पोतनीसही होते. पुसणीस मात्र एकच, ते म्हणजे आमचे भिकाजीपंत. ही पदवी त्यांना पेशव्यांनी दिली नव्हती की सरकारनेही नव्हती. ती आम्हा शेजाऱ्यांची देणगी, आणि पंतांनी ती इमानेइतबारे चालवली. त्यांचं खरं आडनाव कचेरीच्या हजेरीपटात असेलच. मला विचाराल तर थोडं डोकं खाजवावं लागेल.

पंतांच्या अंगरख्याच्या खिशात एक चपटी पितळी डबी असे. नवखा माणूस तिला तपकिरीची डबी समजे आणि चिमूट मागायला हात पुढे करी. पंत गंभीरपणे झाकण उघडून दाखवत. आत ओल्या फडक्याची घडी. या फडक्याचं काम एकच. शास्त्रीबाबांच्या तसबिरीवर कोणी गंध, हळद, कुंकू, बुक्का असं काही लावलेलं दिसलं, की ते पुसायचं. घर कोणाचं, वेळ कसली, घरात पाहुणे आहेत की सुतक आहे, हा विचार पंतांनी कधी केला नाही. एकदा कल्याणच्या एका भातव्यापाऱ्याकडे ऐन साखरपुड्यात हे गृहस्थ स्टुलावर चढून भिंतीवरच्या काचेचं कपाळ पुसत उभे राहिले, आणि मुलाकडची मंडळी हा कोण म्हणून एकमेकांकडे पाहू लागली. व्यापाऱ्याने सांगितलं, "आमच्याकडे झाडलोटीला असतात." पंतांना त्याचं काही वाटलं नाही. खाली उतरून ते म्हणाले, "तसबीर आहे, देव नव्हे," आणि चपला घालून चालते झाले.

शास्त्रीबाबा कोण, हे आधी सांगायला हवं. आमच्या निराकार सभेचे ते संस्थापक. देव एक आहे, त्याला रूप नाही, त्याला नैवेद्य लागत नाही, बायकांनी शिकावं, विधवांना माणसासारखं वागवावं, असं सांगत हा माणूस पंचवीस वर्षं ठाण्यापासून कल्याणपर्यंत पायी हिंडला. त्यांना दगड पडले, शेण पडलं, बारा वर्षं त्यांनी वाळीतही काढली. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा ते वारून काही वर्षं झालेली. मी त्यांना पाहिलं ते तसबिरीतच. अंगावर शाल, गुडघ्यावर पुस्तक, उंच पाठीच्या खुर्चीत ताठ बसलेले. नजर अशी की उशिरा येणाऱ्याने गुपचूप मागच्या चटईवर बसावं. मी तिथेच बसत असे. पुढे माझं अक्षर बरं म्हणून मंडळींनी मला सभेचा दुय्यम चिटणीस केला.

पंत माझे शेजारी. तलावपाळीजवळ आमच्या खोल्या एकाच पडवीवर होत्या. कोर्टात ते नकलनवीस होते, म्हणजे मूळ दस्तऐवजावरून बरहुकूम नकला करायच्या. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. वागणं एकदम तऱ्हेवाईक. वाटेत कोणी "नमस्कार पंत" म्हटलं की थांबून विचारायचे, "मला केलात की माझ्यातल्या कोणाला?" सत्यनारायणाहून कोणी केळं आणून दिलं तर म्हणायचे, "हे फळ म्हणून देता की प्रसाद म्हणून?" प्रसाद म्हटलं तर हात मागे. फळ म्हटलं तर दोन खायचे. माझी बायको पहिल्या महिन्यातच हुशार झाली आणि शिऱ्यालासुद्धा फळ म्हणू लागली.

नकलेच्या बाबतीत मात्र थट्टा चालत नसे. "मुळात आहे ते राहील, मुळात नाही ते येणार नाही," हा त्यांचा मंत्र. मूळ कागदात वकिलाने 'वादी'ऐवजी 'वाडी' लिहिलं असेल तर पंतांच्या नकलेत 'वाडी'च येणार, मग साहेब ओरडो की आपटो. तसबिरीवरच्या कुंकवाचंही त्यांचं म्हणणं हेच. "अरे बापू, मूळ चित्रात कुंकू आहे का? नाही ना? मग ही मागाहून घातलेली भर. ती काढलीच पाहिजे."

आता गंमत अशी की ही भर घालण्यात पुढाकार आमच्या सभेचाच होता. जुनी मंडळी सांगत, तसबीर प्रथम छापून आली तेव्हा ती लावावी की नाही यावर तीन रविवार वाद झाला. मूर्तिपूजा नको म्हणणाऱ्याची मूर्ती व्हायला नको, म्हणून ती कपाटात ठेवली. कपाटात वाळवी लागली, म्हणून भिंतीवर आली. पुण्यतिथीला एक हार घातला, तो मानाचा. मग दर रविवारी हार येऊ लागला, कारण माळ्याला सांगून ठेवलं होतं आणि त्याला नको कोण म्हणणार? उदबत्ती लागली ती खाडीकडून डास फार येतात म्हणून. चपला बाहेर काढायच्या त्या चटई मळते म्हणून. मी चिटणीस झालो तोवर लोक आत येताना उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावत. त्याचं कारण मात्र अजून ठरायचं होतं. पंत मागच्या खांबाला टेकून हे सगळं बघत आणि प्रार्थना संपली की डबी काढून पुढे जात.

सभेने साथीच्या वर्षी औषधाच्या पुड्यांबरोबर या तसबिरी गावोगाव वाटल्या होत्या. त्यामुळे त्या वकिलाच्या दिवाणखान्यात होत्या, व्यापाऱ्याच्या गादीवर होत्या आणि बाळकुमला मिठागरात राबणाऱ्या आगऱ्यांच्या घरातही होत्या. पंत महिन्यातले दोन रविवार साधून या सगळ्या घरांची फेरी करत. लोक वैतागत, हसत, पण दार उघडत. त्यांच्या मागे मग पुन्हा गंध लावत, ते निराळं.

या तसबिरीत एक खोड होती. शास्त्रीबाबांच्या डाव्या खांद्याशेजारी, खुर्चीच्या पाठीवर, चार बोटं दिसत. हो, बोटंच. शास्त्रीबाबांचे दोन्ही हात पुस्तकावर. मग ही चार कोणाची? मागे तर नुसता पडदा. छापखान्यातली चूक, असं म्हणून कोणी सोडून दिलं असतं, पण एकदा माणूस भिंतीवर टांगला की त्याच्या चित्रातली चूकसुद्धा चूक राहत नाही. आमच्या एका व्याख्यात्याने सांगितलं, ही सभेची चार तत्त्वं: सत्य, दया, विद्या, ऐक्य. दुसऱ्याने त्यावर चार वेद बसवले. कल्याणचा भातव्यापारी म्हणे, चारी दिशांनी बरकत. सनातनी आळीत म्हणत, याला मुंजाने धरलेलं आहे, बोटं त्याचीच. पंतांना विचारलं तर एकच उत्तर, "मुळात आहेत." आणि ती खोडून टाकावीत असं कोणी सहज जरी म्हणालं, तरी हा शांत माणूस असा काही भडकायचा की विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

पुढे व्हायचं ते झालंच. आमच्या विरुद्ध बाजूच्या एका वर्तमानपत्राने चिमटा काढला. त्यात लिहिलं होतं, 'निराकारवाल्यांच्या मागे कोणाचा हात आहे, असा प्रश्न लोक आजवर विचारीत. आता तो हात त्यांच्या गुरूच्या तसबिरीतच दिसतो. गोऱ्या पाद्र्याची बोटे ओळखण्यास भिंग लागत नाही.' झालं! गावभर हशा. कचेरीत तर मला बघितलं की कोणी ना कोणी माझ्या खांद्यावर चार बोटं ठेवू लागला. सभेची मंडळी हवालदिल झाली. नव्या दिवाणखान्यासाठी तसबीर मोठी काढून घ्यायचीच होती, नव्या प्रतीही छापायच्या होत्या. अध्यक्ष रावसाहेब, कोर्टातले निवृत्त मुनसफ, मला म्हणाले, "बापूराव, येत्या बैठकीत ठराव आणा. नव्या चित्रात ती बोटं नकोत. आणि तो भिकाजी काय गोंधळ घालील तो घालो."

ठराव मी लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं. पण शेजाऱ्याला आधी सांगावं की नाही? न सांगावं तर बैठकीत त्यांचा तमाशा व्हायचा. त्या रविवारी पंत बाळकुमला निघाले तेव्हा, मलाही मिठागरं बघायचीत, असं सांगून मी बरोबर गेलो. मिठागरं बघायला काय, जन्मभर बघत आलेलो.

बाळकुमला हिराबाय म्हणून एक आगरीण होती. नवरा मिठागरात, आणि घरात तिचा शब्द चाले. साथीत तिची मुलगी जगली ती सभेच्या पुड्यांनी, पण हिराबायच्या हिशेबी तसबिरीने. कुडाच्या भिंतीवर शेणाच्या सारवणात ती तसबीर बसवलेली, समोर नारळ, झेंडूची फुलं. शास्त्रीबाबांच्या कपाळी कुंकवाचा मळवट, आणि खुर्चीवरच्या त्या चार बोटांनाही एकेक ठळक टिकली. पंतांनी डबी काढली. हिराबाय दारात हसत उभी. "पुसा बाबा पुसा. मी लावतंय, तुमी पुसा. दोगांना बी काम."

पंतांनी कपाळ पुसलं. कपाळाभोवतीची काच पुसली, चौकट पुसली. फडकं घडी घालून डबीत ठेवलं. मला वाटलं, डोळे अधू झाले म्हाताऱ्याचे.

"पंत, बोटं राहिली की."

"राहू दे."

"अहो पण चांगलं बोटभर कुंकू..."

"राहू दे म्हटलं ना!" ते ओरडले. हिराबायसुद्धा दचकली.

परत येताना मिठागराच्या बांधावर मी पुढे, ते मागे. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये मिठाचे ढीग. मला ठरावाचं सांगायचं होतं. शेवटी चालता चालता, मागे न बघता, सांगून टाकलं. बोटं काढणार आहेत. ठराव मीच लिहिलाय. वळून बघतो तर पंत बांधावर बसलेले.

"बापू," ते म्हणाले, "ती बोटं आमच्या यमूची आहेत."

यमू म्हणजे त्यांची बहीण. मला इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना बहीण होती हेच माहीत नव्हतं. नवव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली. शास्त्रीबाबांनी तिचे केस काढू दिले नाहीत, त्यासाठीच तर बारा वर्षांची वाळी. त्यांनी तिला आपल्या घरी शिकवलं. पुढे त्यांना लिहायला दिसेनासं झालं तेव्हा त्यांची व्याख्यानं लिहून काढायची ती यमूनेच. आज सभेत जे पुस्तक वाचतात, ते सगळं तिच्या हातचं. मुंबईहून फोटोवाला आला तेव्हा शास्त्रीबाबा म्हणाले, यमू शेजारी उभी राहणार असेल तर मी बसतो. फोटोवाल्याने सांगितलं, मी सांगेपर्यंत हलायचं नाही. तिला उभ्या उभ्या भोवळ यायला लागली, म्हणून तिने खुर्ची धरली.

"फोटो छान आला होता रे," पंत म्हणाले. "शास्त्रीबाबा गेल्यावर तो छापायचं ठरलं. मंडळी म्हणाली, बाई नको. तीही विधवा, तीही केस राखलेली. गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तेव्हा चिटणीस मी होतो. छापखान्यात जाऊन सांगितलं कोणी? मी. 'बाई काढा.' दोनच शब्द."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बांधावर बसलो.

"छापखान्यातल्या चित्रकाराने लुगडं खोडलं, चेहरा खोडला, तिथे पडदा ओढला. बोटं त्याला खुर्चीची नक्षी वाटली असतील. कच्चा छाप त्याने माझ्यापुढे ठेवला. मी बघितलं. त्याला म्हटलं, ठीक आहे, छापा." पंतांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. "घरी आणला तर यमू हसायलाच लागली. म्हणते, 'अगंबाई, दादा, माझी बोटं राहिलीत की! बाकीची मी कुठं गेले रे?' मी म्हटलं, कागद पुरला नाही."

"मग?"

"मग काय? 'असू दे,' म्हणाली, 'बाबा तर छान आलेत.' दोन वर्षांनी तापात गेली. मूळ फोटो छापखान्यात राहिला तो गहाळच झाला. आता तिचं म्हणून जगात दाखवायला तेवढंच आहे माझ्याकडे. आणि तेही लोकांच्या भिंतीवर."

महिन्यातून दोनदा हा माणूस ठाणे-कल्याण का पालथं घालत होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना पुसणीस म्हणून जन्मभर हसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"आणि कुंकवाचं म्हणशील तर," पंत उठता उठता म्हणाले, "नवव्या वर्षानंतर तिला कुंकू लागलं ते या बाळकुमच्या बायकांनी लावलेलं. ते मी पुसू?"

बैठकीला गर्दी होती. मी ठराव वाचला. आवाज खणखणीत लागला. मेल्या आवाजाला काय कळतं? रावसाहेबांनी विचारलं, कोणाला बोलायचं आहे का, आणि पंत मागच्या खांबापासून पुढे आले. कोणी कुजबुजलं, "आता फडकं निघणार." पंतांनी फडकं काढलं नाही.

"वर्तमानपत्रवाले विचारतात, शास्त्रीबाबांच्या मागे कोणाचा हात आहे," ते म्हणाले. "त्यांना उत्तर द्या. माझ्या बहिणीचा आहे. यमुनेचा. जे पुस्तक तुम्ही दर रविवारी वाचता ते तिच्या हातचं आहे. चित्रात ती उभी होती. मी तिला काढवली. तुमच्यातल्या चौघांनी मला ते सांगितलं होतं, त्यातले दोघे आज इथे बसलेत. माझं एवढंच म्हणणं आहे की मुळात जे आहे त्यातलं आणखी काही काढू नका."

आता होतंय बघा, असं मला वाटलं. ज्यांनी विधवांसाठी शेण झेललं त्यांची ही सभा. आता कोणीतरी उठणार, डोळे पुसणार, आणि मी ठराव फाडून टाकणार.

रावसाहेबांनी चष्मा काढला. "पंत, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण मग तर ती बोटं ठेवणं अधिकच अडचणीचं. पाद्र्याचा हात आहे असं लिहिलं तर आपल्याला ते खोडून काढता येतं. उद्या त्यांनी विधवेचा हात आहे असं लिहिलं, तर काय खोडणार? खरंच आहे ते!"

मुनसफीत उगाच नव्हतं आयुष्य घालवलं माणसाने. मंडळींनी माना डोलावल्या. ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करा, असं झालं. भराभर हात वर झाले. मग अमान्य असणाऱ्यांनी. एकटे पंत. उजवा हात सरळ वर, चार बोटं जुळलेली, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. माझा हात दोन्ही वेळा मांडीवर होता. चिटणिसाला मत नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. तसा नियम आमच्या सभेत नव्हता. मी पुढे सभेची नियमावली दोनदा वाचून पाहिली.

नवी तसबीर आली. मोठी, रंगीत. शास्त्रीबाबा गोरे झालेले आणि जरा भरलेलेही. खुर्चीची पाठ स्वच्छ, आणि बोटांच्या जागी कुंडीत गुलाबाचं झाड, त्याला पाच फुलं. महिन्याभरात आमच्या व्याख्यात्याने ती पाच फुलं म्हणजे पंचमहाभूतं हे सिद्ध करून दाखवलं. पंत ऐकून घेत. पुसायची डबी त्यांनी सभेत आणायचं बंद केलं होतं.

मग सभेने आणखी एक ठराव केला. जुन्या प्रती परत घ्याव्या आणि बदली नव्या फुकट द्याव्या, म्हणजे विरोधकांच्या हाती पुरावा राहू नये. हे हमालीचं काम कोण करणार? पंत म्हणाले, मी करतो. सगळे चकित. रावसाहेब म्हणाले, बघा, कर्तव्यनिष्ठा म्हणतात ती ही. मी नव्या तसबिरींचं गाठोडं उचलायला म्हणून बरोबर जाऊ लागलो. प्रायश्चित्त म्हणा, नाही तर शेजारधर्म म्हणा.

घरं संपत आली. लोकांनी जुनी तसबीर खिळ्यावरून काढून देताना एकदाही वळून पाहिलं नाही. "गुलाब? वा, फार छान!" कल्याणच्या व्यापाऱ्याने तर जुनी काढून झटकून दिली. पंत प्रत्येक प्रत धोतराच्या पानात गुंडाळून घेत. त्यांच्या खोलीत त्या रचून ठेवलेल्या मी पडवीतून बघत असे. मनात म्हणे, चला, यमू घरी तरी येतेय.

शेवटी राहिलं बाळकुम. हिराबायच्या ओट्यावर मी गाठोडं सोडलं आणि नवी तसबीर तिच्यापुढे धरली. रंग बघून ती खूश झाली. मग तिने तसबिरीच्या उजवीडावीकडे बघितलं, काचेवर बोट फिरवलं.

"बाय कुठं गेली?"

"कोण बाय?" मी म्हटलं.

"बाबाच्या पाठी उबी हाय ती. हात दिसतंय तिचा." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "बाबा नुसता बसलाय. धरलंय कोनी त्याला? बायनी."

मी सभेचा ठराव समजावू लागलो. छापखान्याची चूक, सुधारलेलं चित्र, सरकारी कागदात बोलतात तसं काहीबाही. हिराबायने मला हाताने बाजूला केलं आणि नवी तसबीर माझ्याच छातीशी टेकवली. "ह्यो गोरा बाबा तुमी न्या. मना माजी बाय पायजे. माजी पोर तिनी ठेवली." आणि मग पंतांकडे वळून, जरा हळू आवाजात म्हणाली, "तुमी एवरं वर्सं येतांव. तुमाला ठावा असंल. नाव काय हाय तिचा?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या घरांत, चार बोटांचे चार वेद झाले, चार दिशा झाल्या, मुंजा झाला, पाद्री झाला. नाव कोणी विचारलं नव्हतं. आमच्या सभेनेही नाही, पंतांनी ते भर बैठकीत सांगितलं तेव्हासुद्धा कोणी पुन्हा उच्चारलं नाही.

"यमू," पंत म्हणाले. "यमुना. पण आम्ही यमू म्हणायचो. माझी बहीण ती."

"मोठी का धाकली?"

"धाकटी." आणि बोलता बोलता ते हिराबायच्या ओट्यावर खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. इतक्या वर्षांत हा माणूस कोणाच्या घरी बसलेला मी पाहिला नव्हता.

हिराबाय क्षणभर तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग अंगणात जाऊन तिने जी हाळी दिली, ती पलीकडच्या मिठागरापर्यंत गेली असेल. "अगो, या गो सगल्या! बायचा भाऊस आयलाय! बायचा भाऊस!"

बायका धावतच आल्या. कोणी घागरीतून पाय धुवायला पाणी ओतलं, कोणी चटई झटकली. माहेरचा माणूस दारी आला की जी धांदल होते तीच. मी गाठोडं घेऊन अंगणात उभा होतो, मला कोणी विचारीना. मी मनात म्हटलं, आता पंत खवळणार. देव नाही, अवतार नाही, साधी बाई होती, हे निराकार सभेचं व्याख्यान आता या आगरणींना ऐकावं लागणार. एक म्हातारी पंतांच्या गुडघ्याशी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, आमी तिला नारलच देतांव. तिला खायाला काय बरा लागतंय, त्या सांगा."

पंतांनी मान वर केली.

"कैरी," ते म्हणाले. "मीठ लावून. दात आंबायचे, तरी खायची."